एकोणीस फुटी ओल्ड्समोबिल

शनिवार, १६ ऑगस्ट २०२५
रॉयल ओक, मिशिगन

आज ड्रीम क्रूझ. ऑगस्टचा तिसरा शनिवार आला की आमच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूची जत्रा होते. १९९५ पासून हे चालू आहे. फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत जुन्या गाड्या रेंगाळत जातात-येतात आणि लोक सकाळीच फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून जागा धरतात. रस्ताही तसा मानाचा. या देशातला काँक्रीटचा पहिला मैल १९०९ साली याच वुडवर्डवर झाला.

सगळ्यात जास्त गर्दी होती एका १९५९ च्या कॅडिलॅकभोवती. लांबी पावणेएकोणीस फूट. मागचे दोन पंख चांगले कमरेच्या वर, आणि प्रत्येक पंखाला दोन-दोन टोकदार लाल दिवे. मालक मऊ फडक्याने बंपरचं क्रोम पुसत होता. पुसून झालं की वाकून त्यात स्वतःचा चेहरा बघायचा, समाधान झालं नाही की परत पुसायचा. जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल याच्या मनात युद्धकाळातलं लॉकहीडचं दोन शेपट्यांचं लढाऊ विमान भरलं आणि १९४८ च्या कॅडिलॅकला पहिल्यांदा इवलेसे पंख फुटले. मग अकरा वर्षं कंपन्यांची चढाओढ. त्या पंखांचा काडीचा उपयोग नव्हता, नुसतं मिरवणं. मला ते फार आवडतात.

शेजारचे एक आजोबा म्हणाले, अशा भक्कम गाड्या आता होत नाहीत. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, नाही होत तेच बरं. २००९ साली इथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची मालिबू समोरासमोर आदळवली होती. मालिबूत ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ इजा. बेल एअरमध्ये खरा माणूस असता तर जागच्या जागी गेला असता. पत्रा जाड म्हणून जीव वाचतो, हा समज त्या दिवशीच निकालात निघाला. तरी आजोबांशी वाद घालायचा दिवस तो नव्हे.

आणि मला तरी वाद घालायचा काय अधिकार? माझी पहिली गाडी त्याच जातकुळीतली. जनरल मोटर्सचीच १९७६ ची ओल्ड्समोबिल डेल्टा ८८, रंग मळकट सोनेरी, लांबी जवळजवळ एकोणीस फूट. मी लान्सिंगला शिकायला आलो तेव्हा ती दहा वर्षांची झाली होती. पदवी घेऊन निघालेल्या एका मराठी सिनियरने एका सेमिस्टरच्या पुस्तकांच्या किमतीत ती माझ्या गळ्यात मारली.

दादरला वाढलेल्या मुलाला हे झेपणं कठीण होतं. आमच्या लहानपणी 'इम्पाला' म्हणजे सिनेमावाल्यांची गाडी. रस्त्याने गेली की पोरं खेळ थांबवून बघायची. बाबा सांगायचे की त्यांच्या तरुणपणी मुंबईत डॉज-प्लिमथच्या टॅक्सीसुद्धा असत. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला त्या जोडायला सुरुवात केली होती. पण टॅक्सीत बसणं वेगळं आणि किल्ली स्वतःच्या खिशात असणं वेगळं. मी फोटो घरी पाठवला तेव्हा गल्लीत सगळ्यांना वाटलं, पोरगा वर्षभरात लखपती झाला.

खरं म्हणजे ती गाडी मला परवडली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. १९७३ ला अरब देशांनी तेल बंद केलं, पंपांवर रांगा लागल्या. १९७५ ला सरकारने मायलेजचा कायदा केला आणि १९७७ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या गाड्या कापून लहान केल्या. माझी त्याच्या आधीची, म्हणजे शेवटच्या पंगतीतली. गावात लिटरला चार-पाच किलोमीटर. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी जपानी गाड्या घेतल्या, आणि श्रीमंतीची ती खूण घरंगळत खाली आली, विद्यार्थ्यांकडे, नव्याने आलेल्यांकडे, रात्रपाळीवाल्यांकडे. नेमकं १९८६ ला पेट्रोल गॅलनला डॉलरच्या खाली उतरलं, म्हणून आमचंही निभावलं.

पेट्रोल भरायचं तोंड मागच्या नंबरप्लेटच्या आड होतं. ती प्लेट खाली ओढून धरायची. मोठे दिवे लावायचं बटण जमिनीवर, डाव्या पायाशी. आणि पुढची सीट म्हणजे सलग बाक. गियरचा दांडा स्टिअरिंगजवळ, त्यामुळे मध्ये काहीच आड येत नसे. पुढे तिघं, मागे चौघं आणि डिकीत मोदकांचं पातेलं, पेटी, तबला, असे आम्ही डेट्रॉईटच्या गणपतीला गेलेलो आहोत. मधल्या माणसाचं काम नकाशा धरायचं आणि ड्रायव्हरला चिवडा भरवायचं.

शेवटी ती मिठाने खाल्ली. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि गंमत अशी की मिठाची मोठी खाण डेट्रॉईट शहराच्याच पोटात आहे. मागच्या सीटखालचा पत्रा गेला, मी वर प्लायवूडचा तुकडा टाकला, मग तसेच काही महिने काढले आणि भंगारवाल्याला दिली. ओल्ड्समोबिल हा ब्रँडच २००४ ला बंद पडला.

आजच्या गर्दीत सगळे हळहळत होते, मोठ्या गाड्यांचा जमाना गेला म्हणून. पण पार्किंगमध्ये बघितलं तर आजचे चार दारांचे पिकअप माझ्या डेल्टापेक्षाही लांब आणि वर त्यांचं बॉनेट छातीइतकं उंच! मायलेजच्या कायद्यात ट्रकना, म्हणजे पिकअपनाही, सवलत मिळाली, कंपन्या तिकडे वळल्या, २०१८ ला फोर्डने इथे सेडान बंद करत असल्याचं जाहीर करून टाकलं. म्हणजे आकार कुठे गेलेला नाही. गेला तो बाक. शेव्हरले इम्पालाच्या २०१३ च्या मॉडेलनंतर पुढच्या बाकाची अमेरिकन सेडान राहिलीच नाही. आता दोघांच्या मध्ये कॉफीचे कप, चार्जर आणि एक रुंद खोका. नवराबायकोही आपापल्या खुर्चीत, विमानात बसल्यासारखे.

घरी येताना हिला म्हटलं, एखादी डेल्टा ८८ बघू या का? सत्त्याहत्तरच्या आधीची, बाकवाली. ही म्हणाली, "अहो, आधी गॅरेज मोजा. आणि ते ट्रेडमिल काय तुमच्या ओल्ड्समोबिलच्या डिकीत ठेवणार का?"

मोजलं. साडेअठरा फूट.