जटा सुटत नाहीत

आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या फोनच्या नोंदीत रिसेप्शनवरच्या मुलीनं लिहिलं होतं: 'कोमोंडोर, नर, सहा वर्षं. जटा सुटत नाहीत. केसांची तक्रार.' वेळ दिली होती दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. कुत्र्याचे मालक, काका, त्या वेळेसाठी थांबले नाहीत, फोन ठेवला आणि कुत्र्याला गाडीत घालून थेट आले. थांबले असते तर काय, हे मी अजून पूर्ण विचारात घेऊ देत नाही स्वतःला.

कोमोंडोर पाहिलेला नसेल त्यांच्यासाठी थोडं. हा हंगेरीतल्या मेंढपाळांचा रखवालीचा कुत्रा. खांद्यापाशी सत्तर सेंटिमीटरच्या वर उंच, ५० ते ६० किलो वजनाचा नर, आणि अंगभर लोंबणाऱ्या पांढऱ्या जटा. पिल्लू असताना केस मऊ आणि फुललेले असतात, म्हणून काकांच्या या कुत्र्याचं नाव पडलं कापूस. वर्षाच्या आसपास बाहेरचे राठ केस आणि आतली मऊ लोकर एकमेकांत गुंतायला लागतात, आणि तिथून माणसाचं काम सुरू होतं. ब्रश चालतच नाही. बोटं कातडीपर्यंत घालून एकेक जट मुळापासून वेगळी करायची, नाहीतर शेजारच्या जटा जुळत जाऊन अंगावर घोंगडी चढते आणि तिच्याखाली कातडी कुजते. अंघोळ घातली की पंखे लावून दीड-दोन दिवस वाळवायचं. मुळाशी ओल राहिली तर कुबट वास येतो तो कशानंच जात नाही. काका निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी हेच करतात. आमच्याकडे बसलेली मंडळी फोटो काढतात आणि "बिचाऱ्याला किती उकडत असेल, भादरून का टाकत नाही?" असं विचारतात. भादरलेल्या कोमोंडोरची कातडी उन्हात भाजते, पण हे सांगून सांगून मी थकले आहे. आमच्याच एका सहकाऱ्याचंही मत तेच, आणि त्याच्याकडे पदवी आहे.

कापूस चावरा नाही. पण तो नेहमी काकांच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभा राहतो. गुरगुरत नाही, फक्त जागा अडवतो. रात्री कळपाबरोबर माणसाशिवाय राहायचं आणि कोणाला जवळ येऊ द्यायचं हे स्वतःच ठरवायचं, यासाठी ही जात घडवली आहे. काकांनी "असू दे" म्हटल्याशिवाय मी त्याला कधी हात लावलेला नाही. त्या दिवशी तो आत आला, भिंतीला टेकून उभा राहिला, आणि मी सरळ त्याच्या डोक्यावर हात ठेवला तरी त्यानं मान वळवली नाही.

"मॅडम, आज किती शहाण्यासारखा वागतोय," आमचा नवीन डॉक्टर म्हणाला. हुशार मुलगा आहे, पण रखवालीच्या कुत्र्याचं शहाणपण हे दुखण्याचं लक्षण असतं, हे कुठल्या पुस्तकात ठळक छापलेलं नाही.

"काका, काय झालं नेमकं?"

"डाव्या बाजूला, बरगड्यांच्या मागे. रोज बोटं घालतो तिथे. आज कातडी चिमटीत येईना डॉक्टर. ताणल्यासारखी झालीये. जट धरली की खालचं सगळंच वर येतं."

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगलेलं बऱ्याचदा दारातूनच दिसतं. इथे काहीच दिसत नव्हतं. जटांखाली पोट ढोलकीएवढं झालं तरी बाहेरून कुत्रा तसाच. तोंडातून लाळ गळत होती, पण कोमोंडोरची दाढी पाणी प्यायल्यावर तासन् तास भिजलेलीच असते, त्यामुळे घरात कोणाला वेगळं वाटलं नव्हतं. एक-दोनदा उलटीसारखं करून नुसता फेस पडला होता, हे काकांनी मी विचारल्यावर सांगितलं.

स्टेथोस्कोप जटांवर ठेवला तर केसांचीच खरखर ऐकू येते आणि ती फुप्फुसातल्या आवाजासारखी भासते. म्हणून जटा फाकवून, मधल्या उघड्या कातडीवर ठेवावा लागतो. शेजारी बोटानं टिचकी मारली आणि आतून पोकळ, धातूसारखा आवाज आला. हिरड्या फिक्या. नाडी मांडीच्या आतल्या बाजूला पाहिली, तिथे केस कमी असतात. ती बारीक आणि पळत होती.

जठरात हवा भरून त्याला पीळ बसला की ते मागच्या मोठ्या शिरेवर दाबतं, हृदयाकडे रक्त परतत नाही. म्हणून सलाईनच्या सुया पुढच्याच पायांत लावायच्या, मागच्या पायांत लावून उपयोग नाही. दोन्ही पायांवरच्या थोड्या जटा कापून जाड सुया लावल्या. बाजूनं सुई टोचून थोडी हवा काढली, तेव्हा कुठे त्यानं दीर्घ श्वास घेतला. एक्स-रे उजव्या कुशीवर. जटांच्या सावल्या पट्ट्यापट्ट्यांनी आल्या होत्या, पण जठराचे दोन कप्पे आणि मधली आडवी रेघ स्पष्ट होती. पीळ होता.

"कापावं लागेल," मी म्हणाले. मला शस्त्रक्रिया म्हणायचं होतं. काकांनी आधी जटा ऐकल्या. त्यांचा चेहरा बघून सहकारी माझ्या कानाशी म्हणाला, "इथे जीव चाललाय आणि यांना केसांची पडलीये." मला ते तेव्हाही आवडलं नाही. काकांनी सही लगेच केली, त्यांनी फक्त विचारलं, "किती?"

या प्रश्नाचं उत्तर सोपं नव्हतं. जटांत क्लिपर शिरत नाही, ब्लेड अडकून तापतं. कात्री मुळाशी लावावी तर जट ओढली गेल्यानं कातडी वर येते आणि तीच कापली जाते. म्हणून आधी दोन बोटं वरून जटा छाटायच्या, मग उरलेला थर मोठ्या ब्लेडनं, शेवटी बारीक ब्लेडनं. पोटाच्या मधोमध रुंद पट्टा काढला. दोन्ही कुशींवरच्या जटांचे जुडगे करून बँडेजनं बांधले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळले, कारण कातडी धुतानाचं औषध जटांत चढलं की भूल दिलेला कुत्रा झपाट्यानं गार पडतो. सहकाऱ्याच्या मते यात वेळ गेला. बांधायचं काम दोघांनी केलं, तेही मी छाटत असतानाच. तो अजूनही ते मान्य करत नाही.

आत जठर फिरलेलं होतं, वरच्या भागावर जांभळा डाग. सरळ केल्यावर काही वेळात डाग गुलाबी झाला. प्लीहा ठीक होती. मग जठर उजव्या बाजूला पोटाच्या भिंतीला टाचलं. हे केलं नाही तर निम्म्याहून अधिक कुत्र्यांत पुन्हा पीळ बसतो. पुढचे तीन दिवस भीती हृदयाच्या ठोक्यांची असते. ते चुकले, औषधानं आवरले.

काकांच्या त्या फोनबद्दल मी रिसेप्शनवरच्या मुलीशी बोलले. ती म्हणाली, "मॅडम, ते पोट हा शब्दच बोलले नाहीत." खरंच आहे. आमच्या संगणकावर तक्रारीचे ठरलेले प्रकार आहेत: उलटी, लंगडणं, त्वचा आणि केस, लस. 'हाताला वेगळं लागलं' असा प्रकार नाही. तो टाकून घ्या असं मी सांगितलं, तर उत्तर आलं की त्यात सगळेच बसतील. बसू देत ना. रोज तास-दीड तास जनावराच्या कातडीवर बोटं फिरवणारा माणूस जेव्हा 'आज वेगळं आहे' म्हणतो, तेव्हा त्याच्या शब्दाला माझ्या एक्स-रेच्या आधी जागा हवी. ज्या केसांच्या वेडावर सगळे हसतात, त्या वेडानंच ते पोट सापडलं. केस भादरले असते तर पोट डोळ्यांना दिसलं असतं, हा सहकाऱ्याचा युक्तिवाद आहे. त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही.

टाके काढायला काका आले तेव्हा पोटाखालचा पट्टा करड्या कातडीचा होता. या जातीची कातडी तशीच असते, पण त्यांनी ती एवढी उघडी कधी पाहिली नव्हती. तिथल्या जटा पहिल्या लांबीच्या व्हायला काही वर्षं जातील. त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मी त्यांना दुसरंच सांगत होते. टाचल्यामुळे पीळ टळतो, पोट फुगणं टळत नाही. दिवसाचं जेवण दोन-तीन वेळा विभागून द्या, खाल्ल्यावर पळवू नका, आणि घरात आणखी कोणाचा तरी हात त्या बरगड्यांमागे रोज गेला पाहिजे, कारण तुम्ही गावाला गेलात तर कोण? सून शिकतेय म्हणाले. मानेच्या आणि खांद्याच्या जटा ती आता नीट सोडवते. बरगड्यांच्या मागे हात गेला की कापूस उठतो आणि काकांच्या खोलीच्या दारात जाऊन बसतो.