लेन्सला ऊन दाखवताना

गॅसवर मंद आचेवर कढई आहे आणि कढईत सिलिका जेल, लेन्सच्या डब्यातली ओल शोषणारे दाणे. ओल पिऊन गुलाबी पडलेले दाणे आधी कडेने निळे होतात, ढवळत राहिलं की मधलेही. आच जरा वाढली की काळवंडतात, मग गेलेच ते. ही कढई फक्त याच कामाची. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, त्यामुळे घरातल्या बाकीच्या भांड्यांशी तिचा रोटीबेटी व्यवहार बंद. खिडकी उघडी ठेवावी, तर बाहेर डोंबिवलीचा जुलै टपलेला.

‘ड्राय कॅबिनेट घे की’, असं सगळे सांगतात. विजेवर चालतं, आतली आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर राखतं. असेल. पण कपाटाचं बिल भरायचं हे मला पटत नाही. माझा हवाबंद डबा बरा, मूळचा पोह्यांचा.

डब्यातली सगळ्यात म्हातारी लेन्स म्हणजे हेलिओस, ५८ मिमी, एफ २. अण्णाकाकाच्या रशियन झेनिट कॅमेऱ्याबरोबर आलेली. आता ती ॲडॉप्टर लावून डिजिटलवर बसते. हल्लीची पोरं तिच्या मागे वेडी आहेत, कारण फोटोत मागची पानं-फांद्या ती गरगर फिरवते. काकाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तेव्हा गिऱ्हाइकं त्याच्यावरून भांडायची.”

चिपळूणला आमच्याकडे पावसाळ्यात पट्ट्याला, चपलांना, देवळाच्या वर्गणीच्या वहीलाही बुरशी यायची. काकाच्या लेन्सला मात्र नाही. तिला बसायला वेळच नव्हता. बारसं, मुंज, लग्न, कुणाचा पासपोर्ट, कुणाची जिंकलेली बैलजोडी. झेनिट सतत त्याच्या गळ्यात. शटरचा आवाज दाराची कडी पडल्यासारखा, मंगलाष्टकं म्हणता म्हणता भटजी दचकायचे. ओर्वोचा ब्लॅक अँड व्हाइट रोल, ३६ फोटो. गळ घातली की काका कधीकधी सदतिसावाही काढून द्यायचा. श्रावणात ऊन पडलं की आजी अंगणात गोधड्या, सुपारी, तुरीची डाळ पसरायची आणि आत हाक मारायची, “अण्णा, त्या तुझ्या डब्ब्यालाही दाखव रे ऊन.” मग डाळीशेजारी पाटावर कॅमेरा, आणि कावळे हाकायला मी. एकदा तिने चामडी केसमध्ये कडुलिंबाचा पाला भरून ठेवला होता. काका ओरडला, पण पाला आठवडाभर तसाच होता.

काका निवृत्त झाला, मोबाइल आले, केसची बटणं लागली ती लागलीच. चामडं ओल धरून ठेवतं, आत अंधार, वारा नाही. बुरशीला आणखी काय हवं? लेन्स माझ्याकडे आली तेव्हा मागून टॉर्च मारून पाहिली. कडेपासून निघालेले पांढरे तंतू, फाटे फुटत मध्याकडे सरकलेले. मुंबईला बोरा बाजारात एकाने उघडून पुसून दिली. तंतू गेले, पण बुरशीने कोटिंग खाल्लं होतं तिथे त्यांचा नकाशा राहिला. फोटोत तो दिसत नाही. उजेड समोरून आला तर थोडं धुरकट येतं, इतकंच. तरी दर रविवारी मी टॉर्च मारतो. एवढ्यात त्या लेन्समधून फोटो किती काढलेस, असं घरातून विचारलं जातं. मी कढई ढवळतो.

गेल्या महिन्यात काकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फोनवर म्हणाला, “नवी लेन्स टाकल्येन. हिला बुरशी नाही ना लागत रे?” नाही म्हटलं. “सगळं भलतंच निळं दिसतंय. इतकी वर्षं काय बघत होतो कोण जाणे.” मग जरा थांबून, “माझी ती झेनिट आहे ना तुझ्याकडे? घेऊन ये येताना. ब्लॅक अँड व्हाइट रोल मिळतो का बघ.”

निळं दिसायला लागल्यावर ब्लॅक अँड व्हाइट कशाला, हे मी विचारलं नाही. रोल मिळतो, चौकशी केली. किंमत ऐकली. तेवढ्या पैशांत काकाने तेव्हा अख्खं लग्न काढून दिलं असतं, वर अल्बमसुद्धा.