रेडिएटर नवा, तरी अँबेसडर उकळते

रेडिएटर नवा, वॉटर बॉडी म्हणजे पाण्याचा पंप नवा, थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकलेला. तरी चाळीसगावहून येताना कन्नडच्या घाटात एका गुरुजींची ही मार्क ४ अँबेसडर ऐन मे महिन्यात उकळली आणि टोइंग करून आमच्या गॅरेजमध्ये आली.

आधी रेडिएटर चाचपला. वरपासून खालपर्यंत सारखा तापत होता, म्हणजे नळ्या मोकळ्या. रेडिएटरचं सात पौंड दाबाचं झाकण दाब धरत होतं. हे झाकण साधं समजू नका. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. सात पौंडाचा दाब त्यात अकरा-बारा अंशांची भर घालतो. पाण्यात बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही, म्हणजे हेड गॅस्केटही (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी) शाबूत.

मग तापमानाची गन लावली. हेडच्या पुढच्या टोकाला ८६ अंश, चौथ्या सिलिंडरमागे १०९! तिथंच शंका आली. ब्लॉकच्या मागच्या अंगाचा पाणी सोडायचा नळ उघडला, तर थेंबही पडला नाही. नळच काढला आणि भोकात तार घातली. आधी चुन्यासारखा कोरडा खर सुटला, मागून गेरूच्या रंगाचा घट्ट चिखल. शेजारचं पत्र्याचं गोल बूच काढून दीड वाटी गाळ खरवडला.

गुरुजी म्हणाले, "पाणी तर मी दर आठवड्याला घालत होतो."

पण पाणी होतं बोअरचं. वाफ उडून जाते, क्षार मागं राहतात. दर वेळी टाकलेलं नवं पाणी नवे क्षार आणतं. त्यात बिडाचा गंज मिसळतो. ब्लॉकच्या मागच्या बाजूला पाण्याची ओढ कमी, म्हणून सगळं तिथं बसतं. रेडिएटर बदलून हे जात नाही.

पाइप लावून उलटं पाणी मारलं. मग ५ लिटर पाण्याला १०० ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घालून इंजिन अर्धा तास गरम चालवलं. असं दोनदा. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि शेवटी स्वच्छ पाणी, नितळ येईपर्यंत. अँबेसडरचं हेड बिडाचं, म्हणून हे चाललं. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, तिथं ॲसिड असं मुरवू नये.

८२ अंशांना उघडणारा नवा थर्मोस्टॅट बसवला. तो काढला की ब्लॉकमधला दाब उतरतो आणि गरम जागी वाफेचे फुगे धरतात. एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड पाणी भरलं, झाकण उघडं ठेवून हवा काढली. पंखा फिरवणाऱ्या बेल्टला अर्धा इंच ढील ठेवली.

ट्रायलला चढावर तापमानाचा काटा तरीही थोडा वर सरकला. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट घासून त्यांच्यातला गॅप कमी झाला होता, त्यामुळे टायमिंग मागं गेलं होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती आणि इंजिन जास्त तापत होतं. गॅप ०.४० मिलिमीटर केला, टायमिंग जुळवलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींना शेजारी बसवून तोच घाट चढलो. मागच्या सिलिंडरजवळ गन ९१ दाखवत होती.