सोलापूरहून सेकंडहँड ॲडव्हेंचर टूरर शोधताना

माझी सध्याची १५० सीसीची गाडी ऑफिस, बाजारहाट आणि अक्कलकोट-तुळजापूरच्या फेऱ्यांसाठी पुरेशी आहे, आणि ती काढून टाकण्याची मला घाई नाही. परंतु मागे पत्नी, दोन्ही बाजूंना बॅगा आणि समोर पुणे महामार्ग असला की टेंभुर्णी येईपर्यंत तिला दम लागतो. ओव्हरटेक करावे तर पिकअप साथ देत नाही आणि ट्रकच्या मागे राहावे तर धूर खावा लागतो. म्हणून पुढच्या वर्षी एक वापरलेली ॲडव्हेंचर टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाला आणि खराब रस्त्यांनाही चालणारी मोटरसायकल, घ्यायचे ठरवले असून सध्या जाहिराती, कागदपत्रे आणि ओळखीच्यांच्या गाड्या पाहण्याचा उद्योग चालू आहे. नव्या गाडीचा विचार आधीच बाद केला, कारण बॅगा, गार्ड, जॅकेट आणि विमा यांचा खर्च किमतीवर चढला की फिरण्यासाठी फारसे काही उरत नाही.

या गाड्यांची चर्चा बहुतेक वेळा लडाखपासून सुरू होते आणि लडाखवरच संपते. सोलापूरकराने आधी स्वतःचा नकाशा पाहावा. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास, विजयपूर शंभर, आणि हे सगळे चौपदरी रस्ते. (विजयपूरच्या रस्त्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये अठरा तासांत २५.५४ किलोमीटर लांबीचा एक पदर डांबरीकरण करून विक्रमही झाला होता.) आमच्याकडचा खरा खडतर रस्ता म्हणजे महामार्ग सोडल्यावर लागणारे उखडलेले खडीचे पट्टे आणि पावसाळ्यातली काळी माती. मंगळवेढ्याची ज्वारी पिकवणारी ही माती ओली झाली की टायर आणि मडगार्डमधल्या फटीत अशी भरते की चाक फिरायचेच थांबते. तिथे गाडी कितीही महागडी असली तरी खाली उतरून काठीने चिखल उकरण्याला पर्याय नाही. तेव्हा मला हवी ती गाडी नव्वद-शंभरच्या वेगाने दिवसभर न कुरकुरता चालणारी, खड्डे सोसणारी आणि एप्रिल-मेच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हात डोके शांत ठेवणारी.

या कसोटीवर दोनच नावे माझ्यासमोर टिकली. पहिली रॉयल एनफील्डची जुनी हिमालयन, म्हणजे २०१६ मध्ये आलेली ४११ सीसीची. तिची ताकद साधारण साडेचोवीस बीएचपी, म्हणजे आकड्यांत काही विशेष नाही. पण ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, इंजिन हळू फिरत असतानाच (खालच्या आरपीएमवर) मिळतो, टाकी १५ लिटरची आहे आणि सीटची उंची ८०० मिलिमीटर असल्यामुळे माझ्यासारख्या साडेपाच फुटांच्या माणसाचे पाय जमिनीला टेकतात. वजन मात्र दोनशे किलोच्या घरात. दुसरी केटीएम ३९० ॲडव्हेंचर, जी भारतात २०२० पासून मिळू लागली. ३७३ सीसी, ४३ बीएचपी, सहा गिअर, मागचे चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, आणि वजन हिमालयनपेक्षा वीसेक किलोंनी कमी. महामार्गावर तिच्यापुढे हिमालयन म्हातारी वाटते, हे चालवून पाहिल्यावर मान्य करावेच लागते. पण ८५५ मिलिमीटरच्या सीटवरून सिग्नलला माझे फक्त चवडे टेकतात, आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीला त्यावर चढणे म्हणजे कसरतच. बीएमडब्ल्यू जी ३१० जीएसची टाकी ११ लिटरची आणि तिच्या कामासाठी मोठे शहर गाठावे लागणार, म्हणून ती वगळली. सुझुकीची २५० सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स हलकी आणि समजूतदार आहे, परंतु दोघे आणि सामान एवढा भार घेऊन माझ्या सध्याच्या गाडीपेक्षा ती हवा तेवढा फरक दाखवेल, असे वाटले नाही.

माझे मत हिमालयनकडे झुकते. मात्र सेकंडहँड बाजारात मॉडेलपेक्षा त्या एका गाडीचा पूर्वेतिहास जास्त महत्त्वाचा असतो. नीट सांभाळलेली केटीएम मिळाली तर आपटलेल्या हिमालयनपेक्षा मी तीच घेईन. विजापूर रोडवरचे माझे नेहमीचे मिस्त्री आधीच बजावून बसले आहेत, ‘गाडी थंड असतानाच बघायला जा. मालकानं आधी गरम करून ठेवली असंल तर चहा पिऊन परत या.’ थंड इंजिन सुरू होताना जे आवाज येतात, ते गरम झाल्यावर लपतात, हे त्यामागचे कारण.

त्यांच्यासोबत एका ओळखीच्या गृहस्थांची हिमालयन पाहिली, तेव्हा शिकायला बरेच मिळाले. मिस्त्रींनी प्रथम गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मला मागे दाबून धरायला लावून पुढचे चाक उचलले आणि हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरवले. बरोबर मध्यावर आल्यावर हँडल किंचित अडकल्यासारखे झाले. कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर वळते ती बेअरिंग, गेल्याची ती खूण, आणि या मॉडेलमध्ये ती तपासायलाच हवी. मग चाक हाताने फिरवून रिम आऊट, म्हणजे वाकडी, आहे का ते पाहिले, स्पोकवर नखाने टिचक्या मारून सैल स्पोकचा बद्द आवाज ऐकला, आणि टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचून दाखवला. त्यावर २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला असतो. नक्षी शाबूत असली तरी एवढे जुने रबर कडक झालेले असते. हँडलची टोके, लिव्हरचे बोंड आणि फूटरेस्ट घासलेले असतील तर गाडी पडलेली आहे. इंजिनाखालच्या पत्र्याला खोल पोचे असतील तर ती नुसतीच ऑफिसला जात होती, यावर विश्वास ठेवू नये. केटीएमच्या बाबतीत रेडिएटरच्या जाळ्या आणि पंखा यांवर वेगळी नजर हवी.

वर्षाचा विचारही करावा लागतो. हिमालयनच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांबद्दल तक्रारी बऱ्याच होत्या, त्या स्वस्त मिळाल्या तरी मी पाहणार नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाड्यांत मागचे एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद करण्याची सोय आहे, जी खडीच्या उतारावर उपयोगी पडते.

कागदपत्रांच्या बाबतीत सोलापूरचे स्थान फसवे आहे. सीमा जवळ असल्याने कर्नाटकातल्या केए २८ (विजयपूर) आणि केए ३२ (कलबुर्गी) पासिंगच्या, तसेच हैदराबादच्या गाड्या इथे सहज दाखवल्या जातात आणि किंमतही मोहात पाडणारी असते. पण परराज्यातली गाडी एमएच १३, म्हणजे सोलापूर पासिंगची, करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणावी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. हा हिशेब मांडला की स्वस्ताई बहुतेक विरून जाते. गाडीवर बँकेचा बोजा असल्यास तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी वर्षभर जुन्या मालकाच्याच नावावर फिरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अपघात झाला की दोघेही अडचणीत येतात. प्रलंबित ई-चलन परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, त्यामुळे २०२० ची गाडी घेताना ती मुदत संपून गेलेली आहे, हे लक्षात ठेवूनच किंमत बोलावी.

सध्या मी २०२१ किंवा त्यानंतरची, एका मालकाची, एमएच १३ किंवा एमएच १२ (पुणे) पासिंगची हिमालयन शोधतो आहे. व्यवहार जानेवारीत करण्याचा बेत आहे, कारण साल बदलले की तीच गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते आणि विकणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो. दोन टायर, चेन-स्प्रॉकेट, कोन सेट आणि विमा यांची बेरीज मिस्त्रींकडून लिहून घेतली आहे. मालकाने सांगितलेल्या किमतीतून ती वजा करूनच बोलणी सुरू करायची, आणि नाही जमले तर दुसरी गाडी पाहायची.