फुकटची हवा

दुपारी तीनची वेळ. विश्रामबागेतल्या आमच्या अपार्टमेंटचं पार्किंग गाढ झोपलेलं. मी टायरात हवा भरायच्या छोट्या कॉम्प्रेसरची वायर गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये खोचली, आकडा ३३ वर आणला आणि बटण दाबलं. जो काही आवाज उठला, त्यानं पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या.

"मिक्सर खाली कशाला नेलाईस रे?"

"हवा भरालोय, काकू."

"ती पंपावर फुकट मिळती की!"

मिळती. पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यायची, असा नियमच आहे. फक्त नळीवाला पोरगा जेवायला गेलेला असतो. आलाच, तर मी 'तेहतीस' म्हणतो, तो पस्तीस मारतो आणि वर माझ्याकडंच बघतो. दाराच्या खांबावर कंपनीनं हवेचा आकडा लिहून लावलेल्या स्टिकरला त्याच्या लेखी काही किंमत नाही. शिवाय तो आकडा थंड टायरचा. सांगलीच्या एप्रिलात पंपापर्यंत जाईस्तोवर टायर तापतो, हवा फुगते, काटा दोन-तीननं उगाच वर दिसतो. सावलीत कालपासून उभी असलेली गाडी बरी.

आकडा चढताना मला तिथून हलवत नाही. मशीन आपलं आपण बंद होतं, हे माहीत असूनही मी चाकापुढं उकिडवा. २८, २८.५, मग मधेच परत २८. पितळी तोंड हाताला चटका देतं. ते काढताना 'फुस्स' होतं आणि लगेच वाटतं, किती गेली? की परत लाव.

हा चाळा लहानपणच्या सायकलचा. सांगली सपाट, त्यामुळं सगळं गाव सायकलवर. तासावर सायकली देणाऱ्या दुकानात पंप साखळीनं खांबाला बांधलेला. आपण मारला तर फुकट, त्यानं मारून दिला तर दहा पैसे. दोन्ही पाय पंपाच्या पट्टीवर ठेवून अख्खं अंग दांड्यावर टाकायचं. तेव्हा आमच्या अंगाला वजन ते काय! वॉलट्यूबचं, म्हणजे हवा आत धरणाऱ्या व्हॉल्व्हवरच्या नळीचं, रबर उन्हानं चिकट झालेलं असायचं. ते नखानं खरवडून काढायचं, नवा तुकडा थुंकी लावून चढवायचा. शेवटी थुंकीचं बोट वॉलच्या तोंडावर. बुडबुडा फुगला की सगळं पहिल्यापासून. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं पोराच्या तीनचाकीला हवेचं टायर बसवलं. सायकलच्या त्या वॉलला अजून त्याचंच नाव आहे. थुंकीची युक्ती मात्र आमच्या दुकानदाराची, असंच मी धरून चाललोय. कारच्या वॉललाही मी ते बोट लावतो, आजूबाजूला बघून.

आमचे दाजी मिरजेचे, नायट्रोजनवाले. टायरात तो भरून घ्यायला चाकामागं पैसे मोजतात. साध्या हवेतसुद्धा ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे मी त्यांना लग्नाकार्यात, बारशात, एकदा तर दहाव्यालाही सांगितलंय. "असंल," म्हणतात. नायट्रोजन भरलेल्या वॉलच्या टोप्या हिरव्या असतात आणि दाजींना त्या दिसलेल्या आवडतात.

गेल्या रविवारी आले, कॉम्प्रेसर उलटा-पालटा करून बघितला. "लई वरडतंय," म्हणाले. निघताना त्यांचं मागचं चाक बसलेलं दिसलं. भरून दिलं, आमची साधी हवा. दाजींनी टोपी शर्टाला पुसली, घट्ट लावली. हिरवीच.