पत्र आधी की अहवाल आधी : काळूच्या विषबाधेची फिर्याद

काळू हा भटका कुत्रा सात वर्षे आमच्या सोसायटीच्या फाटकाशी राहत होता. जानेवारीतल्या एका पहाटे तो पार्किंगमध्ये तोंडाला फेस येऊन मरून पडलेला आढळला आणि जवळच मेंदीच्या कुंपणाखाली कोंबडीच्या तुकड्यांची फाटकी पिशवी दिसली. छायाचित्रे काढणे आणि सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाऊ नये म्हणून समितीला लेखी कळवणे, ही कामे तासाभरात झाली.

अडले ते पोलीस ठाण्यात. अंमलदारांनी अदखलपात्र नोंद, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय जिचा पोलीस तपास करत नाहीत अशी एनसी, करून देण्याची तयारी दाखवली आणि दहा-पन्नास रुपये दंडाच्या प्रकरणाला एफआयआर कशाला, असे विचारले. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ मध्ये पहिल्या अपराधाला १० ते ५० रुपये दंड आहे हे खरेच. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार कोणत्याही प्राण्याला विष घालून मारणे हा दखलपात्र गुन्हा असून त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत प्राण्याची किंमत पाहिली जाई, ती अट आता उरलेली नाही. त्यामुळे भटक्या कुत्र्यालाही हे कलम लागू होते.

हे सांगितल्यावर, विषानेच मेला कशावरून, आधी शवविच्छेदनाचा अहवाल आणा, असे उत्तर मिळाले. पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले, तर फौजदारी प्रकरणात पोलिसांचे पत्र असल्याशिवाय शवविच्छेदन करता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पत्रासाठी अहवाल आणि अहवालासाठी पत्र, अशा दोन फेऱ्यांत दीड दिवस गेला. तोवर काळू माझ्या बाल्कनीत थर्माकोलच्या पेटीत होता. दर चार तासांनी वितळलेले पाणी काढून मी नवा बर्फ भरत असे आणि नसबंदीच्या वेळी कानाला दिलेली खाच तेवढी बर्फातून वर दिसे. प्रत्येक तासाला पुरावा नासत होता, याचा संताप अजूनही गेलेला नाही.

शेवटी तोंडी बोलणे थांबवले. घटनाक्रम आणि कलम ३२५ लिहून अर्जाच्या दोन प्रती केल्या आणि नोंद न झाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम १७३(४) खाली हाच मजकूर वरिष्ठांना टपालाने पाठवीन, असे शेवटी नमूद केले. एका प्रतीवर शिक्क्यासह पोच मागताच निरीक्षकांनी अर्ज स्वतः वाचला, गुन्हा नोंदवला आणि दवाखान्यासाठी पत्र दिले. संध्याकाळपर्यंत शवविच्छेदन होऊन व्हिसेरा, म्हणजे विषाच्या तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, मोहोरबंद झाला. अर्ज पहिल्याच दिवशी लेखी द्यायला हवा होता. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती : उलटी धुऊ देऊ नका. आमच्या रखवालदाराने चांगल्या हेतूने फरशीवर पाणी मारले आणि तो नमुना गेला. पिशवी मात्र बादली पालथी घालून झाकून ठेवली होती, म्हणून ती पंचनाम्यात आली. त्या वेळी पंच व्हायला कोणी पुढे येईना, तेव्हा काळूला रोज सकाळी पोळी घालणाऱ्या तळमजल्यावरच्या आजी चष्मा घेऊन खाली आल्या आणि संपूर्ण पंचनामा वाचून त्यांनी पहिली सही केली.