घरच्या लेथसाठी ॲल्युमिनियमचं ओतकाम

लेथचं (धातू फिरवून कातायच्या यंत्राचं) सॅडल, म्हणजे हत्यार धरून सरकणारा भाग, किंवा टेलस्टॉक, म्हणजे कामाचं दुसरं टोक धरणारा भाग, घरी ओतायचं तर भंगारातून स्कूटरचे पिस्टन आणि इंजिनचे केसिंग घ्या. त्यात सिलिकॉन असतं, त्यामुळे धातू साच्यात नीट पळतो. खिडक्यांच्या पट्ट्या आणि शीतपेयांचे डबे नकोत, डब्यांची तर निम्मी मळीच होते.

साचा वाळूचा, आणि खरा घोळ त्या वाळूतच. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते, पण तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि शिंपल्यांच्या चुऱ्याने पृष्ठभाग खरबरीत येतो. नदीची बारीक वाळू चाळून घ्या. १० किलोला १ किलो बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती) आणि साधारण अर्धा लिटर पाणी, तेही थोडं थोडं. मूठ आवळून गोळा मोडा: कडा स्वच्छ तुटली की झालं. बोटांना ओल लागली तर पाणी जास्त झालंय, ओतताना वाफ धातूत शिरून भोकं पडणार.

फर्मा, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना, सागाचा; तो वाळूतून सहज निघावा म्हणून बाजूंना दीड-दोन अंश उतार. ॲल्युमिनियम थंड होताना मीटरला सुमारे १३ मिमी आकसतं, म्हणजे ३०० मिमीच्या भागाला ४ मिमी वाढवा, मशीनिंगचे २-३ मिमी वेगळे.

भट्टीला करवंटीचा कोळसा आणि ब्लोअर पुरतो. मूस (धातू वितळवायचं भांडं) ग्रॅफाइटची, लोखंडी भांडं हळूहळू धातूत विरघळतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, ओतायचं ७२० च्या आसपास. लालभडक होईपर्यंत तापवलंत तर ओलाव्यातला हायड्रोजन धातूत शोषला जातो, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका.

जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या फरशीवर ओतू नका. जांभा पाणी धरतो, सांडलेला धातू उडतो. खाली कोरड्या वाळूचा जाड थर हवाच.